वर्गावर आले तान्हे गुरुजी

या गुरुजींच्या तोंडात एकही दात नाही. त्यांना बोलता येत नाही, फळ्यापर्यंत त्यांचा हात पोचत नाही, आणि तास चालू असताना मधेच झोप लागली तर त्यांना कोणी उठवतही नाही. दूध पिऊन झाल्यावर ढेकर काढायलासुद्धा त्यांना मदत लागते. अंगातल्या झबल्यावर मात्र मोठ्या ऐटीत छापलेलं असतं, 'शिक्षक'!

असे गुरुजी खरोखर आहेत. कॅनडातल्या टोरांटो शहरात 1996 साली मेरी गॉर्डन नावाच्या बाईंनी त्यांना पहिल्यांदा वर्गावर पाठवलं. त्या उपक्रमाचं नाव 'रूट्स ऑफ एम्पथी'. पुढे तो न्यूझीलंड, आयर्लंड, जर्मनी अशा कितीतरी देशांत गेला. पद्धत अगदी साधी. शाळेचं वर्ष सुरू झालं की त्याच वस्तीतलं दोन ते चार महिन्यांचं एक बाळ शोधायचं, त्याच्या आईबाबांना विचारायचं आणि ते हो म्हणाले की बाळाला एका वर्गाच्या हवाली करायचं. हवाली म्हणजे तिथेच ठेवून यायचं नाही हं! साधारण महिन्यातून एकदा आई किंवा बाबा त्याला घेऊन वर्गात येतात. वर्षभरात अशा 9 भेटी. प्रत्येक भेटीच्या वेळी, आणि तिच्या आधी-नंतर बाळाशिवायही, एक प्रशिक्षित ताई किंवा दादा येऊन मुलांशी गप्पा मारतात. सगळे मिळून 27 तास होतात.

गुरुजींना टेबल नको, खुर्ची नको. वर्गाच्या मधोमध जमिनीवर एक हिरवी चादर अंथरतात आणि मुलं तिच्याभोवती गोल करून बसतात. स्वागताचं गाणं होतं. आई बाळाला घेऊन प्रत्येकासमोरून एक फेरी मारते. मग बाळाला चादरीवर पालथं घालतात आणि हाताला जेमतेम लागणार नाही इतक्या अंतरावर एखादं खेळणं ठेवतात. झाला अभ्यास सुरू!

बाळ मान उचलतं. खेळणं बघतं. हात पुढे करतं, पण पोचत नाही. पाय झाडतं, पोट घासतं, पण गाडी जागची हलत नाही. कपाळावर बारीकशी आठी पडते. मुठी आवळल्या जातात. आता ताई विचारते, बाळाला काय वाटतंय? एक म्हणतो, राग आलाय. दुसरी म्हणते, छे, दमलंय ते. तिसऱ्याला वाटतं, भूक लागली असणार. (हा तिसरा बहुतेक मधल्या सुट्टीची वाट बघत असतो.) 'कशावरून?' हा ताईचा पुढचा प्रश्न. मग सगळे वाकून बघायला लागतात. मुठी उघडल्या का? ओठ बाहेर आले का? आवाज रडण्याचा आहे की नुसता कुंथण्याचा? बरोबर उत्तर कोणाचं, हे गुरुजी स्वतः काही सांगणार नाहीत. त्यामुळे पहिल्या नंबरच्या मुलाला आणि शेवटच्या बाकावरच्याला इथे सारखीच संधी.

आणि मग येतो तासातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. 'तुमचं असं कधी झालंय?' हवं ते समोर दिसतंय, पण जमत नाही, आणि रडू फुटेल असं वाटतंय, असं कधी झालंय? एरवी वर्गात 'मला रडू येतं' असं कोण कबूल करेल? पण विषय बाळाचा निघालेला असतो ना. मग एकेक जण बोलू लागतो. कोणाला भागाकार जमत नाही, कोणाला पोहायची भीती वाटते. शेजारचा ऐकतो आणि त्याच्या लक्षात येतं, अरे, याचंही माझ्यासारखंच आहे की!

समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखता येणं आणि ते आपल्याला आतून जाणवणं, याला मोठी माणसं 'समानुभूती' असं भारदस्त नाव देतात. मेरी गॉर्डन पूर्वी बालवाडीच्या शिक्षिका होत्या. पुढे 1981 पासून त्यांनी टोरांटोच्या शाळांमध्ये लहान मुलांच्या आईवडिलांसाठी केंद्रं चालवली. इतकी वर्षं इतकी घरं बघितल्यावर त्यांच्या मनाने घेतलं, की दुसऱ्याला मारणाऱ्या, छळणाऱ्या बऱ्याच मुलांनी स्वतः कधी माया बघितलेलीच नसते. मग ती त्यांना नुसत्या सूचना देऊन कशी शिकवणार? 'दुसऱ्याशी प्रेमाने वागा' असं फळ्यावर रोज लिहिलं तरी त्याचा काय उपयोग? तेव्हा माया करणारी आई आणि तिचं बाळ, दोघांनाच वर्गात आणून बसवायचं.

त्यांनी आपल्या पुस्तकात आठवीतल्या एका मुलाची गोष्ट सांगितली आहे. दोनदा नापास झालेला, त्यामुळे वर्गात सगळ्यांत थोराड. डोकं भादरलेलं, मागच्या बाजूला गोंदवून घेतलेलं. लहानपणीच आई गेली होती, तेव्हापासून तो वेगवेगळ्या परक्या घरांमध्ये वाढला होता. सगळे त्याला वचकून असत. एके दिवशी वर्गात आलेल्या आईने सांगितलं, आमचं बाळ कोणाला बिलगत नाही, झोळीतसुद्धा त्याला बाहेर तोंड करून बसायचं असतं. तास संपल्यावर तिने विचारलं, झोळी कोणाला लावून बघायची आहे का? तर हा दांडगा मुलगा पुढे आला! झोळी त्याने छातीशी बांधली, बाळाला आपल्याकडे तोंड करून आत ठेवलं, आणि ते कोणाला न बिलगणारं बाळ त्याला चक्क चिकटून बसलं. तो त्याला घेऊन एका कोपऱ्यात गेला आणि कितीतरी वेळ हलकेच डुलत राहिला. परत आल्यावर त्याने विचारलं, की ज्याच्यावर कधी कोणी प्रेम केलं नाही, तो मोठा झाल्यावर चांगला बाबा होऊ शकेल का?

शिक्षकांना असे प्रश्न रोज रोज कोणी विचारत नाही.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्याचं दुःख जाणवायला शिकावं लागतं की ते जन्मतःच येतं? छान प्रश्न आहे. शास्त्रज्ञांनाही तो पडला, आणि ते गेले थेट बाळंतिणींच्या वॉर्डात.

तिथल्या परिचारिकांना एक गोष्ट केव्हाची माहीत असते. एका बाळाने भोकाड पसरलं की बाकीचीही सूर लावतात. पण ती आवाजाने दचकून रडतात, की दुसरं बाळ रडतंय म्हणून? 1982 साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी जन्मून पुरता दिवसही न झालेल्या बाळांना वेगवेगळी रडणी टेपवरून ऐकवली. दुसऱ्या नवजात बाळाचं रडणं ऐकून शांत पडलेली बाळं रडायला लागली. चिंपांझीच्या पिल्लाचं रडणं ऐकवलं, तर फारसं काही नाही. आणि त्यांचं स्वतःचंच रडणं टेप करून ऐकवलं, तरीही ती फारशी रडली नाहीत! म्हणजे ज्यांना आपलं नाकसुद्धा कुठे आहे ते माहीत नाही, त्यांना आपलं आणि दुसऱ्याचं रडणं मात्र वेगळं कळतं.

अर्थात इथे बाळ दुसऱ्यासाठी करत काहीच नाही. दोघंही रडतात, बस्स. पुढे होऊन काही करायचं म्हणजे जरा मोठं व्हावं लागतं. किती मोठं? जर्मनीतल्या लाइपझिग शहरात फेलिक्स वार्नेकेन आणि मायकल टोमासेलो यांनी दीड वर्षाच्या 24 मुलांवर एक गमतीचा प्रयोग केला. तो 2006 साली प्रसिद्ध झाला. एक काका दोरीवर कपडे वाळत घालतोय. हातातला चिमटा खाली पडतो. काका वाकतो, हात लांब करतो, पण चिमटा काही हाताला लागत नाही. बाळ बघतंय. काका 'दे' म्हणत नाही, खाऊचं आमिष दाखवत नाही. तरी बाळ लुटूलुटू चालत जातं, चिमटा उचलतं आणि काकाच्या हातात देतं. दुसऱ्या खेळात काका दोन्ही हातांत मासिकांचा गठ्ठा घेऊन बंद कपाटावर आपटतो. बाळ जाऊन कपाटाचं दार उघडतं! 24 पैकी 22 बाळांनी निदान एकदा तरी मदत केली. खरी मेख तर पुढेच आहे. काकाने तोच चिमटा मुद्दाम फेकून दिला तेव्हा बाळं तो उचलायच्या फंदात फारशी पडली नाहीत. अडचण कोणती आणि नाटक कोणतं, ते दीड वर्षाच्या डोक्याला कळत होतं.

आणि ही मक्तेदारी माणसांची आहे असंही समजू नका. शिकागोच्या एका प्रयोगशाळेत एका उंदराला पारदर्शक नळकांड्यात कोंडलं. त्या नळकांड्याचं दार फक्त बाहेरून उघडायचं. दुसरा उंदीर बाहेर मोकळा. काही दिवस तो नळकांड्याभोवती घुटमळत राहिला, आणि एके दिवशी दार पाडायची युक्ती त्याला सापडली. त्यानंतर रोज सोडलं की आधी जाऊन दार उघडायचं! शेजारी दुसऱ्या नळकांड्यात चॉकलेटचे तुकडे ठेवले, तर त्याने दोन्ही दारं उघडली आणि थोडं चॉकलेट सोबत्यासाठीही शिल्लक राहिलं. हा प्रयोग 2011 चा.

पण थांबा. त्याच संशोधकांनी 2014 साली पुढचा भाग केला. पांढऱ्या उंदराने अनोळखी पांढऱ्या उंदराला सोडवलं, पण काळ्या डोक्याच्या वेगळ्या जातीच्या अनोळखी उंदराला नाही. मात्र त्याला थोडे दिवस एका काळ्या डोक्याच्या उंदराबरोबर एकाच पिंजऱ्यात ठेवलं, तर नंतर तो त्या जातीच्या परक्या उंदरांनाही सोडवू लागला. आणि जन्मापासून काळ्या डोक्याच्या उंदरांतच वाढलेल्या पांढऱ्या उंदराने तर आपल्याच रंगाच्या परक्याकडे पाठ फिरवली! आपला कोण, हे कातडीच्या रंगावरून नव्हे, सहवासावरून ठरत होतं. तुमच्या वर्गात वर्षाच्या मध्येच दुसऱ्या गावाहून एखादा मुलगा आला, त्याचं बोलणं वेगळं वाटलं, डब्यातली भाजी वेगळी वाटली, तर त्याच्या शेजारी कोण बसतं? हा उंदीर डोक्यात ठेवून जरा आठवून बघा.

बरं, जन्मल्या दिवशी दुसऱ्याचं रडणं जाणवतं, दीड वर्षाचे झाल्यावर आपण मदतीला धावतो. मग पाचवी-सहावीत पोचेपर्यंत बिघडतं कुठे? एखाद्याचं नाव पाडून त्याला रोज चिडवायचं, दप्तर लपवायचं, खेळात घ्यायचंच नाही, हे कुठून येतं?

इथे एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. दोन मित्रांत भांडण झालं, एकाने ढकललं, दुसऱ्याने बोचकारलं, संध्याकाळी परत एकत्र क्रिकेट, तर त्याला छळ म्हणत नाहीत. या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास 1970 च्या दशकात स्वीडन आणि नॉर्वेत ज्यांनी सुरू केला, त्या डॅन ओल्वेयस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या. तो मुद्दाम केलेला असतो, पुन्हा पुन्हा होतो, आणि एकाची ताकद जास्त असते तर दुसरा स्वतःला सोडवू शकत नाही. ताकद म्हणजे दंडातलीच असं नाही. एका बाजूला पाच जण आणि दुसऱ्या बाजूला एक, हीसुद्धा ताकदच.

आता परत टोरांटोला चला. डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग या दोन मानसशास्त्रज्ञांनी शाळेच्या मैदानात कॅमेरे लावले, मुलांच्या कपड्यांना छोटे बिनतारी मायक्रोफोन लावले आणि मधल्या सुट्टीत काय काय चालतं ते टिपून घेतलं. (घरच्यांची आणि शाळेची परवानगी घेऊन, बरं का. तुम्ही ताईचा फोन लपवून असलं काही करू नका.) त्या चित्रफिती बघताना सगळ्यांचं लक्ष त्रास देणाऱ्या आणि त्रास सोसणाऱ्या मुलाकडे जाणार हे उघड आहे. या दोघींनी लक्ष दिलं ते कडेला उभ्या असलेल्या मुलांकडे.

छळाच्या दर शंभर प्रसंगांत 88 वेळा तिथे इतर मुलं हजर होती. म्हणजे कोपऱ्यात गाठून, कोणाला कळू न देता वगैरे फारसं नाहीच. राजरोस, लोकांसमोर! मधे पडणारं कोणी निघालं ते शंभरात फक्त 19 वेळा. बाकी वेळा मुलं काय करत होती? बहुतेक नुसती उभी राहून बघत होती. आणि नुसतं बघणं म्हणजे काहीच न करणं नव्हे. बघेच आले नाहीत तर नाटकाचा पडदा कोण कशाला उघडेल?

आता सगळ्यात आश्चर्याचा आकडा ऐका. जेव्हा जेव्हा एखादं मूल मधे पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, शंभरात 57 वेळा, तो प्रकार 10 सेकंदांत थांबला. 10 सेकंदांत! बुटाची नाडी बांधायलाही जास्त वेळ लागतो.

मग मुलं मधे का पडत नाहीत? त्यांना वाईट वाटत नाही का? वाटतं ना. एकेकट्याला बाजूला घेऊन विचारलं तर बहुतेक मुलं सांगतात, की आम्हाला हे आवडत नाही. पण मधे पडलो तर उद्या आपलाच नंबर लागेल ही भीती असते. शिवाय एक गंमतशीर घोटाळा होतो. चौघं जण हसतायत म्हणून पाचवा हसतो. त्याला वाटतं, या चौघांना मजा येतेय, मीच एकटा भित्रा. त्या चौघांतल्या प्रत्येकालाही हेच वाटत असतं! पाचही जणांना आतून नको आहे आणि पाचही जण हसतायत.

'आम्ही त्याला हातसुद्धा लावला नाही, फक्त बोलत नाही,' असं म्हणणाऱ्यांसाठी किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाची हकिगत सांगायलाच हवी. ते एकदा आपल्या कुत्र्याला घेऊन बागेत बसले होते. दोन अनोळखी माणसं फ्रिस्बी खेळत होती. फ्रिस्बी चुकून विल्यम्सकडे आली. त्यांनी परत फेकली. त्या दोघांनी पुन्हा यांच्याकडे फेकली. थोडा वेळ तिघं खेळले आणि मग अचानक, काही न बोलता, त्या दोघांनी यांच्याकडे फेकणं बंद केलं. बस्स, इतकंच. पण मोठ्या, शिकलेल्या माणसाला ते लागलं! मग त्यांनी तोच खेळ संगणकावर आणला. पडद्यावरचे दोन खेळाडू चेंडू फेकतात, थोड्या वेळाने तुम्हाला देणं बंद करतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2003 साली हा खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं काढली, तर शरीराला वेदना होताना मेंदूचा जो एक भाग जागा होतो, तोच वगळलं जातानाही जागा झालेला दिसला. आणखी एका प्रयोगात लोकांना आधीच सांगून टाकलं की समोर माणसं नाहीत, नुसता संगणक आहे. तरीही वाईट वाटायचं ते वाटलंच! मग वर्गातल्या तीस खऱ्या मुलांनी मिळून एकाशी कट्टी धरली तर त्याचं काय होत असेल? मोठ्यांच्या जगात एखाद्या कुटुंबाला असं वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. त्यासाठी 2016 चा खास कायदाच आहे.

तर वाटतं सगळ्यांना, पण पाय पुढे पडत नाही. या मधल्या फटीवर नेमकं बोट ठेवलं ते फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या ख्रिस्टिना साल्मिवाली यांनी. 1996 साली, म्हणजे टोरांटोत तान्हे गुरुजी कामाला लागले त्याच वर्षी, त्यांनी दाखवून दिलं की छळाच्या प्रसंगात जवळपास सगळ्या वर्गाला काही ना काही भूमिका असते. एक म्होरक्या. त्याचे एक-दोन साथीदार. मग खी खी करून त्याला चढवणारे. मग 'आपल्याला काय करायचंय' म्हणून बाजूला सरकणारे. आणि त्रास सोसणाऱ्याची बाजू घेणारे पाठीराखे. पुढच्या अभ्यासांत असंही आढळलं, की ज्या वर्गात चढवणारे जास्त तिथे छळ जास्त, आणि जिथे पाठीराखे जास्त तिथे कमी. म्होरक्याला बदलणं महाकठीण. त्याला मान मिळत असतो ना! पण खी खी करणाऱ्याने खी खी थांबवणं त्या मानाने बरंच सोपं.

यावरून त्यांनी 'किवा' नावाचा उपक्रम तयार केला. त्यात मुलांसाठी तास असतात, मधल्या सुट्टीत लक्ष ठेवणारे शिक्षक लांबूनही नजरेत भरतील अशी जाकिटं घालतात, आणि संगणकावरचा एक खेळही असतो. खेळात तुम्ही एका शाळेत फिरता, वाटेत प्रसंग घडतात आणि काय करायचं ते तुम्ही ठरवता. खेळाचे तीन भाग आहेत: मला माहीत आहे, मला जमतं, मी करतो. तिसऱ्या भागात तुम्ही खऱ्या शाळेत खरोखर काय केलंत ते विचारतात. आहे की नाही हुशारी? पहिल्या दोन भागांत आपण सगळेच पास होतो.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती मात्र वेगळीच आहे. कोणाचा छळ होतोय असं कळलं की शिक्षक संबंधितांशी बोलतात, ते तर झालंच. शिवाय वर्गातल्या दोन-चार मनमिळाऊ, इतरांना आवडणाऱ्या मुलांना बाजूला बोलावतात. 'म्होरक्याशी भांडा' असं त्यांना सांगत नाहीत. त्या मुलाला किंवा मुलीला शाळेत बरं वाटावं म्हणून तुम्ही काय करू शकाल, एवढंच विचारतात. शेजारी बसणं, खेळायला हाक मारणं, घरी जाताना सोबत करणं, असलीच कामं निघतात. आणि पुढे शिक्षक विसरत नाहीत, केलंत का म्हणून परत विचारतात.

आता कळीचा प्रश्न. या सगळ्याचा उपयोग होतो का? आपण विज्ञानाबद्दल बोलतोय, तेव्हा 'ऐकायला छान वाटतं' एवढ्यावर भागणार नाही. फिनलंडने 2007 ते 2009 या काळात 234 शाळांत आणि जवळजवळ 30,000 मुलांवर 'किवा'ची परीक्षा घेतली. काही शाळांत उपक्रम सुरू केला, काहींत नाही, आणि वर्षाने तुलना केली. उपक्रमाच्या शाळांत छळ कमी झालेला दिसला. सगळ्यात जास्त फरक चौथीच्या आसपास पडला, आठवी-नववीत बराच कमी. छळ पूर्णपणे नाहीसा मात्र झाला नाही. तरीही फरक इतका होता की पुढे देशातल्या दहापैकी नऊ शाळा त्यात सामील झाल्या.

आणि आपले तान्हे गुरुजी? कॅनडातल्या अभ्यासांत त्यांच्या वर्गातली मुलं एकमेकांना जास्त मदत करताना आणि कमी आक्रमक होताना आढळली. उत्तर आयर्लंडमध्ये 74 शाळांत काटेकोर चाचणी झाली. तिथे निकाल जरा वेगळा लागला. वर्ष संपताना मुलांच्या वागण्यात थोडी सुधारणा दिसली, पण तीन वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा ती टिकलेली नव्हती. बाळाने वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. महिन्यातून एकदा येऊन गुरुजी तरी किती शिकवणार! माझं मत विचाराल तर बाळाचा तास जाणवायला शिकवतो आणि फिनलंडचा तास पुढे व्हायला. एकाच वर्गात दोन्ही करून बघायला हवेत, आणि एका वर्षात आटोपू नयेत.

आपल्याकडच्या किती घरांत तान्हं भावंड, मामाचं बाळ, शेजारच्या काकूंची छकुली असते! वर्गात नाही तर घरी तरी या गुरुजींची शिकवणी फुकट मिळते. पुढच्या वेळी ते रडायला लागलं की 'आई, हे बघ गं' असं ओरडण्याआधी अर्धं मिनिट नुसतं बघा आणि ओळखा, झोप, भूक, की कंटाळा? मग आईला विचारून उत्तर ताडून घ्या.

आणि शाळेत? म्होरक्याच्या अंगावर धावून जायचं नाही, ते काम तुमचं नाही. ज्याला त्रास होतोय त्याला 'चल रे, आमच्यात ये' एवढी हाक मारता आली तरी पुष्कळ झालं. तेवढंही धाडस होत नसेल तर निदान हसू नका आणि तिथून निघून थेट बाईंना किंवा सरांना सांगा. याला कोणी चुगली म्हटलं तर म्हणू दे. तुम्हाला कोणाला मार खायला लावायचा नसतो, एकाला सोडवायचं असतं. त्रास तुम्हालाच होत असेल तर घरच्यांना सांगा. घरी सांगता येत नसेल तर 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे. तो देशभर चालतो आणि फोनला पैसे पडत नाहीत.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. कॅमेरा, मायक्रोफोन काही नको. एक आठवडाभर मधल्या सुट्टीत फक्त बघ्यांकडे बघा. कोण हसतं, कोण सरकतं, कोण पुढे होतं, आणि पुढे झाल्यावर किती सेकंदांत थांबतं? आपण स्वतः कुठे उभे होतो, तेही प्रामाणिकपणे लिहा. मग आमच्या पत्त्यावर पत्र पाठवा. शाळेचं नाव आणि मुलांची नावं लिहू नका, आकडे मात्र नक्की लिहा. टोरांटोच्या आकड्यांशी आपण ते ताडून बघू.